खाली किती लागतं: दोन सुपरचार्ज्ड गाड्या आणि नागपूरचा रस्ता

जो वेग आयुष्यात कधी वापरायचा नाही, तो आपल्या गाडीत असावा असं माणसाला का वाटतं? मला याचं उत्तर देता येत नाही. हा प्रश्न घेऊन मी जबलपूरहून नागपूरला गेले, जाताना एका गाडीतून आणि येताना दुसरीतून, आणि तो प्रश्न तसाच घेऊन परत आले.

जबलपूरच्या विजय नगरमधल्या एका ऑफिसात मी काम करते. आम्ही वापरलेल्या महागड्या गाड्या विकतो. गिऱ्हाइकाच्या मनातली गाडी चालवून बघायची आणि तिच्याबद्दल लिहून द्यायचं, हे माझं काम. खरं तेच लिहायचं, ही अट मी माझ्यापुरती घातलेली आहे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि घरात चारचाकी अजून नाही. त्यामुळे गाडी काय करू शकते यापेक्षा ती रोज कोणत्या रस्त्याने जाणार आहे, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे नाडकर्णी मॅडम. पुण्याहून इथल्या कॉलेजात शिकवायला आल्या, महाराजपूरला राहतात. त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते, बँकेतून लवकर निवृत्त झाले. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवणं बंद झालं. एक दिवसाआड त्यांना व्यायामासाठी कमानिया गेटकडे न्यावं लागतं आणि ते मॅडमच नेतात. काकांची एक जुनी इच्छा होती: ही सुपरचार्ज्ड सेडान, आणि तीही तिच्या सगळ्यात तेज रूपात. मॅडम सेडानला तयार होत्या. प्रश्न एवढाच होता की तिच्या दोन रूपांपैकी एस घ्यायची की सगळ्यात तेज आर.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. पाय दाबला की गाडी वाट बघायला लावत नाही, लगेच उचलते. एस आणि आर दोन्हींत तो आहे. एसचं इंजिन सहा सिलिंडरचं, आरचं आठ. आर थोडी बसकी आहे, तिचे टायर पातळ आणि स्प्रिंगा कडक. बाहेरून दोघी बहिणी दिसतात. एस आमच्याकडे उभी होती, आर नागपूरच्या शाखेत.

निघायच्या आदल्या दिवशी मॅडमचा मेसेज आला: "प्रज्ञा, दोन्ही गाड्यांना खाली किती लागतं ते नक्की बघ. आमच्यासाठी तेच महत्त्वाचं." मला फार बरं वाटलं. गाडी खाली असताना, म्हणजे रिकामी असताना, पेट्रोल किती लागतं हे विचारणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं. प्रोफेसर बाई, पद्धतशीर विचार करतात, असं मी मनात म्हटलं.

आमच्या गाड्या ने-आण करणारे मिश्रा भैया नेहमी सोबत असतात. त्यांना मी नको म्हटलं.

"काहे दीदी, हमसे क्या गलती हुई?"

"कुछ नहीं भैया, गाड़ी खाली जाएगी।"

"और हमारे संतरे?"

"संतरे ले आऊँगी।"

संध्याकाळी काकांचा फोन आला. "मी तयार आहे. पाठीची उशी काढून ठेवली, डबाही होईल. नागपूरपर्यंत येतो तुझ्याबरोबर."

"काका, या वेळी गाडी खाली न्यायची आहे. मॅडमनीच सांगितलंय."

"हिनं सांगितलं?"

"हो, मेसेज केलाय."

"अच्छा. जा मग तू."

घरी बाबांनीही विचारलं, "एकटीच जाऊन राहिली? काहून?" मी कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली. "इतकी मोठी गाडी, अन् बसाले कोणी नाही."

सकाळी तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. या रस्त्याने जाणाऱ्यांनी उजाडताच निघावं. बरगीच्या टेकड्या मोकळ्या मिळतात, ट्रक अजून ढाब्यांवर उभे असतात. रस्ता चौपदरी आणि चांगला आहे. टोलनाके बरेच आहेत, फास्टॅगमध्ये हजारभर रुपये असू द्या. लखनादौनला चहा घेतला. तिथून सिवनीपर्यंत एसबद्दल लिहावं असं काही घडलं नाही आणि रोजच्या गाडीसाठी ही तारीफ आहे. ट्रक ओलांडायचा असला की ती ओलांडते, नसला की गप्प बसते.

सिवनीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला सीताफळांचे टोपले लागले होते. विकणाऱ्या बाईने गाडीत वाकून पाहिलं.

"दीदी, इत्ती बड़ी गाड़ी में अकेली?"

"हाँ, गाड़ी खाली ही ले जानी है।"

"तो टोकरा रख लो पीछे, जगह तो पड़ी है।"

टोपल्याचं वजन धरलं तर आकडा बिघडेल, असं मला वाटलं. मी दोन सीताफळं घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. बिया मोजत ती बघत राहिली. "गाड़ी को भी उपवास है क्या?" तिने विचारलं.

पुढे पेंचचं जंगल. जनावरांना खालून जाता यावं म्हणून इथे रस्ता खांबांवर उचललेला आहे आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत. जंगल दिसत नाही. दिसावं म्हणून तो रस्ता बांधलेलाच नाही. मला हे आवडलं. खवासाला महाराष्ट्र लागतो. देवलापारच्या एका ढाब्यावर जेवले, दुपारी नागपुरात. मुक्काम मावशीकडे, त्यामुळे राहण्याचा खर्च सांगता येणार नाही. सकाळी तर्री पोहे मात्र बाहेर खा. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, वेगळी मागा, नाहीतर ते न विचारताच ओततील आणि तुम्ही घाम पुसत बसाल.

दुसऱ्या दिवशी आर घेऊन परत निघाले. मागून नागपूरच्या शाखेचा ड्रायव्हर एस घेऊन येत होता, मॅडमना दोन्ही गाड्या एकत्र बघता याव्यात म्हणून. मिश्रा भैयांचे संतरेही त्याच्याच गाडीत ठेवले.

आर सुरू झाली की आजूबाजूचे लोक वळून बघतात. पेट्रोल भारीतलं लागतं. ते नागपुरात भरून घ्या, मध्ये मिळेलच असं धरू नका. पातळ टायरमुळे सिमेंटच्या रस्त्यावरचा प्रत्येक सांधा बुडाखाली मोजता येतो. कुरई गाव संपल्यावर एसही बरीच मागे राहिली होती, पुढे-मागे कोणी नव्हतं. मी पाय दाबला. पाठ सीटला टेकली, आणि वेगमर्यादेचा आकडा इतक्या लवकर आला की लगेच पाय उचलावा लागला. रस्ता बाकी होता, परवानगी संपली होती. छान वाटलं हे लिहायला हवं, कारण खरं लिहायचं ठरलेलं आहे. बाजूची सीट रिकामी होती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

संध्याकाळी दोन्ही गाड्या महाराजपूरला मॅडमच्या दारात लावल्या. काका खोलीच्या एका टोकाला पेपर घेऊन बसले होते, मॅडम दुसऱ्या टोकाला. चहा आला.

"काय मग," मॅडम म्हणाल्या, "खाली किती लागलं?"

"एसला कमीच. आरला बरंच जास्त."

"किती जास्त? आवाज आला?"

"आवाज तर तिचा मोठाच आहे, मॅडम. लिटरला सहाच्या वर जात नाही."

"लिटरला? अगं, मी पेट्रोलचं कुठे विचारतेय. खाली. गाडीच्या पोटाला. आपल्या गल्लीतले गतिरोधक बघितलेस ना? माणसं बसली की गाडी घासते का, ते बघ म्हटलं होतं मी."

मला कळायला वेळ लागला. "तुम्ही खाली म्हणालात. आमच्याकडे खाली म्हणजे... खाली डबा, खाली बस. रिकामं. म्हणून मी काकांनाही नेलं नाही."

काकांचा पेपर खाली आला. तिथे 'खाली' हा शब्द बरोबर लागू पडतो, हे आता मला माहीत आहे.

"म्हणजे मला नेऊ नको असं हिनं नव्हतं सांगितलं?" काकांनी मला विचारलं.

"मी कशाला सांगेन?" मॅडम म्हणाल्या. "तुमच्या डब्यासाठी रात्री कणीक मळून ठेवली होती मी. सकाळी तुम्ही म्हणालात, जायचं नाही. कालपासून 'हो' आणि 'नको' यापुढे बोलत नाही आहात. मला वाटलं, पाठ दुखतेय."

"पाठ नव्हती दुखत."

काकांनी पेपरची घडी घातली. मग काका मॅडमकडे बघत म्हणाले, "या पोरीला डबा खाली ठेव म्हणून सांगू नकोस. संपवून ठेवेल."

मॅडम हसल्या. मीही हसले, पण माझी सगळी पाहणी फुकट गेली होती, आणि दोन माणसं माझ्या एका शब्दामुळे दोन टोकांना बसली होती.

रविवारी पुन्हा पाहणी केली, या वेळी भरलेल्या गाडीत. काका पुढे, मागे मॅडम, माझे बाबा आणि मिश्रा भैया. आधी एस. गल्लीतले गतिरोधक लोकांनी स्वतःच सिमेंट टाकून केलेले आहेत, त्यांना ना माप आहे ना रंग. एस हळू चालवली तर निघते. कमानिया गेटच्या गर्दीत रिक्षा, हातगाड्या आणि गाईंमधून सरकताना सुपरचार्जरचा काही उपयोग नाही. तिथे ब्रेक आणि हॉर्न या दोनच गोष्टी लागतात. सगळ्यांनी खोवा जलेबी खाल्ली. मिश्रा भैयांनी दोनदा घेतली आणि हे वजनही अहवालात धरा असं मला सांगितलं.

मग आर. पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्र असा आवाज आला. दुसऱ्यावरही. मागून बाबा म्हणाले, "पोट घासून राहिलं." काकांनी दारावरचा दांडा धरला होता. चेहरा समोर होता. मॅडम मागून त्यांच्या हाताकडेच बघत होत्या.

"खाली लागतंय," काका शेवटी म्हणाले.

"गाडीला की तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"दोघांना."

अहवालात मी एस लिहिली. तुमचाही रस्ता असा असेल तर माझं मत तेच आहे. हवा तेवढा जोर तिच्यात आहे, ती खड्डा कळू देत नाही, पेट्रोल त्या मानाने कमी पिते. आर चांगली गाडी आहे, पण तिला तिचा रस्ता मिळायला हवा आणि तो रोज मिळत नाही. मॅडमनी एस घेतली. सही झाल्यावर काका दारात उभ्या आरच्या बॉनेटवर हात ठेवून आले.

आता हे घरी बसून लिहितेय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही. लोकांनी गरजेपुरतंच घ्यावं असं मला अजूनही वाटतं, आणि कुरईपुढचा तो क्षणही मला विसरता येत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोटं ठरवत नाहीत, एवढंच म्हणेन.

गेल्या आठवड्यात आर नागपूरला परत द्यायची होती. किल्ली मिश्रा भैयांकडे होती, ती मी मागून घेतली आणि महाराजपूरला फोन केला. उशी आणली गेली, डबा भरला गेला. परतीची सोय म्हणून मॅडम एस घेऊन मागून आल्या. सिवनीला त्याच बाईकडून टोपलाभर सीताफळं घेतली. गाडीचा उपवास सुटला का, असं तिने विचारलं. कुरई संपल्यावर रस्ता मोकळा दिसला तेव्हा मी काकांकडे पाहिलं. त्यांनी उशी नीट केली आणि मान हलवली. मी पाय दाबला, आकडा आला, पाय उचलला.

"बस?" काका म्हणाले.

"बस, काका. इतकंच."

"पुरे."

नंतर नागपूरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. गाडी शाखेत उभी केली, किल्ली दिली आणि संध्याकाळी तिघं एसमधून परत आलो. आर मी खाली नेली नाही.