खडीवरचे हात

मी तेव्हा नगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. माझ्या मित्राचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचे आणि पासपोर्टचे फोटो काढून कंटाळलेला हा माणूस परदेशातली सिनेमाची मासिकं मागवायचा. त्यातल्याच एका पत्त्यावर त्याने जर्मनीतल्या एका दिग्दर्शकाला पत्र लिहिलं होतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तर आलं, सोबत कोऱ्या फिल्मचं एक रीळ. नऊ देशांतले दिग्दर्शक मिळून एक चित्रपट करणार होते. प्रत्येकाने आपल्या भागात काम करणाऱ्या एका माणसाचे फक्त हात चित्रित करायचे. चेहरा नाही, आवाज नाही, काटछाट नाही. रीळ तसंच जर्मनीला पाठवायचं. तिथे सगळ्यांची रिळं धुऊन एकापुढे एक जोडली जाणार होती.

मित्राने पुण्याहून कॅमेरा उसना आणला. कुणाचे हात घ्यायचे यावर फार बोलणं झालंच नाही. जिल्हाभर दुष्काळी कामं चालू होती. एका सकाळी एसटीने तिसगावला उतरून आम्ही खडी फोडणाऱ्या बायकांपर्यंत चालत गेलो. मुकादमाला आम्ही सरकारी माणसं वाटलो. ती समजूत आम्ही दूर केली नाही.

बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेली एक बाई मित्राने हेरली. तिला सगळं समजावून सांगितल्यावर तिने एकच गोष्ट विचारली.

"तोंड न्हाई ना घेत?"

नाही म्हटल्यावर ती तयार झाली आणि पदर पुढे ओढून बसली.

कॅमेरा चावीचा होता. एकदा चावी दिली की अर्ध्या मिनिटाने थांबायचा. मग पुन्हा चावी द्यायची, उजेड मोजायचा, जागा बदलायची. तीन मिनिटांच्या रिळाला आम्ही अर्धी सकाळ घालवली. कॅमेऱ्याची घरघर मंदावून थांबायला आली की ती बाईही हातोडा खाली ठेवायची आणि आमची वाट बघायची. तुम्ही थांबू नका, असं मित्राने दोनदा सांगून पाहिलं.

"मशीन थांबलं, म्हनून थांबले," ती म्हणाली. "तुमचं बिघडाया नको."

तिला आमच्या कामाची काळजी होती. तिच्या कामाचं काय, हे आमच्या डोक्यात आलं नाही.

रीळ जर्मनीला गेलं. मित्राने तिच्या हातांचा एक साधा फोटोही काढला होता. पंधरा दिवसांनी तो द्यायला गेलो, तर तिच्या जागी दुसरीच बाई बसलेली. शेजारणीने सांगितलं, की त्या दिवशी तिचा खडीचा ढीग मापात कमी भरला आणि मुकादमाने मस्टरवरून तिचं नाव काढलं. दोन दिवस ती रस्त्याच्या कडेला येऊन नुसती बसत होती. मग नवरा आणि तान्ही पोर घेऊन नगरकडे गेली. शेजारणीने तिचं नाव सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की आम्ही ते विचारलंच नव्हतं.

मुकादमाला म्हणालो, चूक आमची आहे, तसं लिहून देतो.

तो शांतपणे म्हणाला, "हातोडा टाकून बसल्याली मी बघितली. वर तुमी फोटो काढल्याले. उद्या सायबानं मलाच धरलं असतं. बाईला आना, लावतो नाव."

नगरला नागापूरच्या बाजूला कारखान्यांची बांधकामं चालू होती. दुष्काळातून आलेली माणसं तिथेच पालं टाकून राहत. पुढचे तीन रविवार आम्ही तिथे हिंडलो. जो तो विचारी, दिसायला कशी हाय? अर्धी सकाळ आम्ही तिच्या मनगटापासून नखांपर्यंतच बघत होतो. डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं होतं, ते मला आजही दिसतं. चेहरा तेव्हाही आठवत नव्हता.

तिसऱ्या रविवारी त्या नावाची एक बाई पालातून बाहेर आली. कडेवर पोर होतं. मी म्हणालो, ताई, जरा हात दाखवता का? तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"कशापायी बघायचेत?"

मी तिसगावचं, खडीचं, सगळं सांगितलं. पुन्हा कामावर घेणार आहेत, हेही सांगितलं.

"मी न्हाई तुमची बाई," ती म्हणाली. "जावा आता."

तिचा नवरा बाहेर आला आणि आम्ही निघालो. ती खरं बोलली की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर आम्ही तिकडे गेलो नाही.

वर्षभराने तयार चित्रपट पार्सलने आला. तो प्रत्येक देशात फिरून पुढे जाणार होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडक्यांना सतरंज्या लावून आम्ही वीसेक जणांना तो दाखवला. एका कुंभाराचे हात, मासे साफ करणारे हात, घड्याळ दुरुस्त करणारे हात, आणि मग तिचे. चावी संपत आली की हातोडा खाली ठेवला जाई आणि दोन्ही हात मांडीवर स्वस्थ पडत. असं सहा वेळा. सोबतच्या पत्रात जर्मन दिग्दर्शकाने लिहिलं होतं, की हे थांबणंच सगळ्यांना फार आवडलं, तुम्हाला ते कसं सुचलं? मित्राने पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्याने काय उत्तर पाठवलं, मी विचारलं नाही.

शेवटी पडद्यावर नऊ देशांतल्या दिग्दर्शकांची नावं आली. आमची दोघांचीही होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी चित्रपट पुढच्या देशाला धाडायचा होता. मित्र आला नाही. पार्सल मीच कापडात शिवलं, लाख लावली आणि पोस्टात देऊन आलो.