पांढऱ्या साड्या आणायला आम्ही तिघी केरळात

मयुरीचं लग्न ठरलं त्याच संध्याकाळी घरात हळदीच्या थीमवरून भांडण झालं. मयुरी म्हणजे माझ्या मोठ्या मुलाची मुलगी, पनवेलला बँकेत कामाला जाते. आम्ही गव्हाणचे. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी असते, लग्नाला उशिरा आलं तर चालतं, हळदीला नाही. आणि हळदीला भावकीतल्या सगळ्या बायकांनी एकसारखं नेसायचं. साड्या लग्नघरानं वाटायच्या. जिला मिळाली नाही तिनं काय ते समजायचं.

पूर्वी एका रंगाच्या साड्या घेतल्या की काम झालं. आता थीम लागते. या दोनतीन वर्षांत मी एकदा राजस्थानी झाले, एकदा पंजाबी झाले आणि खालच्या आळीच्या हळदीत अरबी झाले. राजस्थानी घागऱ्याला आरसे असतात, बसलं की टोचतात. अरबी म्हणजे पायघोळ झगा, त्याला कफ्तान म्हणतात, कपाळावर सोनेरी साखळी. फार हवेशीर. फक्त जेवताना बाह्या कालवणात जातात. मला सगळंच आवडलं. या वयात आपल्याला एवढं नटवायला कोण बसलंय?

मयुरीनं केरळची थीम काढली. पांढरी साडी, सोनेरी काठ, केसांत गजरा. मोबाइलमधला फोटो सगळ्यांना दाखवला. सगळ्यांना आवडला, माझ्या नणंदेला सोडून. माझी नणंद सोनूबाई धवलारीण आहे. म्हणजे आमच्या लग्नांत जे धवले गातात, ते गाणारी बाई. आमच्यात भटजी नंतर येतो, धवलारीण आधी लागते. सोनूबाईनं फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाली, "लग्नघरात पांढरं? मी नाय गानार."

"सोनूआजी, पांढरं नाही गं, ऑफ-व्हाइट आहे," मयुरी म्हणाली.

"कायपन असूदे. पांढऱ्यात गाया मना लाज वाटते."

आता धवल्याशिवाय हळद म्हणजे नुसता डीजे. मयुरीचं तोंड उतरलं. दोन दिवस जेवली नाही, म्हणजे घरी जेवली नाही, बँकेत जेवत होती. शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्याबरोबर चला. जिथं विणतात तिथं जाऊन बघा. तिथंसुद्धा नाही आवडलं तर दुसरी थीम."

सोनूबाई म्हणाली, "येईन. पन नाय म्हनाया येईन."

केरळची गाडी पनवेलला दुपारी येते. थर्ड एसीचं तिकीट दोन महिने आधी काढा, नाहीतर मिळत नाही. म्हाताऱ्यांची सवलत बंद झालीय, हे खिडकीवर जाऊन भांडण्याआधी माहीत असलेलं बरं. खालचे बर्थ मात्र मिळाले. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली होती. एसीच्या डब्यात चटणीचा डबा उघडला की समोरचे लोक पुस्तकं मिटतात. एक बाई नाकाला रुमाल लावून बसली. मी तिला भाकरी दिली. तिनं रुमाल काढला, अर्धी भाकरी चटणीशी खाल्ली आणि ती मालवणची निघाली.

कर्नाळ्याचा सुळका दिसेनासा झाला तशी सोनूबाई झोपली. रत्नागिरीला उठली आणि म्हणाली, "आलं का केरल?" मी म्हटलं, अजून कोकण संपलं नाही. परत झोपली. बाहेर बोगदे, नद्या, नारळ, परत बोगदे. बोगद्यात शिरलं की काचेत आम्हीच दिसायचो, दोन लुगडेवाल्या आणि मध्ये एक जीन्सवाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरनूरला उतरलो. तिथून विणकरांचं गाव कुत्तांपुल्ली, तासाभराच्या आत गाडीनं. टॅक्सीवाला बिजू. तो वाशीला टायरच्या दुकानात होता, त्यामुळे हिंदी बोलत होता आणि पनवेलचे खड्डे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. दिवसभराचे अडीच हजार ठरले. रस्ते लहान पण गुळगुळीत. वाटेत नदी लागते, रुंद आहे, पण आम्ही गेलो तेव्हा पाणी एका कडेला होतं आणि बाकी सगळी वाळू.

जेवण वाटेतच केलं. भात लाल आणि एवढा जाड की एकेक शीत मोजून खाता येईल. मासळीच्या कालवणात आंबटपणाला आपल्या कोकमाचा कुणी काळा भाऊ टाकलेला. सोनूबाईनं दोनदा भात घेतला आणि म्हणाली, "बरा हाय." तिच्या तोंडून हे फार आहे. मयुरीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आशा वाटली.

गावाच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानंच दुकानं. पांढऱ्यावर मोर, पांढऱ्यावर हत्ती, पांढऱ्यावर बासरी वाजवणारा कृष्ण. सोनूबाईला दोन कापडांचा प्रकार दाखवला, एक कमरेला, एक खांद्याला. तिनं दोन्ही तुकडे उलगडून बघितले. "आर्धी आर्धी करून इकतात. पुरी कदी देनार?"

बिजूनं सांगितलं, इथली बरीचशी यंत्रावरची आहेत, हातमागाची बघायची तर घरी चला. मयुरी लगेच निघाली. तिला ओरिजिनल हवं होतं. पनवेलच्या बाजारात मिळतं ते उद्या दुसरी भावकी पण नेसते, हे तिचं दुःख.

ज्या घरी नेलं तिथल्या बाईचं नाव सरस्वती. सगळे अक्का म्हणत होते. माझ्याच वयाची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, समोर माग, खट-खट, खट-खट. आम्ही आलो तरी ओळ संपेपर्यंत थांबली नाही. मग हात पुसले, आत गेली आणि कढीपत्ता घातलेलं ताक आणलं. नंतर कपाटातून एक घडी काढून आमच्यापुढे उलगडली.

मी आजवर पांढरं खूप बघितलं. आमच्या मिठागरात लहानपणी पांढऱ्याशिवाय दुसरं काय होतं? पण हे न धुतलेल्या तांदळासारखं, किंचित पिवळट, आणि काठ एवढा बारीक की बोट फिरवल्यावर कळावा. सोनूबाईनं पण बोट फिरवलं. मग हात मागे घेतला आणि म्हणाली, "कापूस चांगला हाय. पन पांढरंच हाय."

मयुरी म्हणाली, "अशा चाळीस हव्यात. एकदम सेम." बिजूनं ते सांगितलं तेव्हा अक्का हसली. एक विणायला मला कितीतरी दिवस लागतात, म्हणाली, चाळीस होईपर्यंत नवरीची पोरं शाळेत जातील. आणि सेम तर होणार नाहीत, हात आहे, मशीन नाही. मग तिनं विचारलं, लग्नात एवढ्या एकसारख्या कशाला?

इथं मयुरीनं चूक केली. तिनं अभिमानानं आमच्या मागच्या हळदीचा व्हिडिओ लावला. डीजे, लाइट, आणि बादल्या भरून हळद. आमच्यात हळद लावत नाहीत, ओततात. अक्कानं पूर्ण व्हिडिओ बघितला. मग साडीची घडी घातली, कपाटात ठेवली, कपाटाला कडी लावली आणि परत खड्ड्यात पाय सोडून बसली.

बिजू म्हणाला, "अक्का नहीं देगी. बोलती है, इस पे इतना हल्दी डालेगा तो क्यूँ लेता है?"

मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, झालं, दुसरी थीम. पण सोनूबाईनं पदर खोचला.

"नाय देनार? कोनाला नाय देनार? आमची पोर येवरी लांबून आली ती काय ताक प्याया?"

मयुरी म्हणाली, "सोनूआजी, तूच तर नको म्हणत होतीस."

"मी नको म्हनेन. ती कोन नको म्हननारी?"

बिजूनं हे भाषांतर केलं नाही, पण अक्काला ते कळलं असावं. तिनं माग थांबवला आणि सरळ मयुरीला काहीतरी विचारलं. बिजू म्हणाला, "पूछती है, हल्दी के बाद कपड़ा किधर जाता है?"

राजस्थानी घागरा माळ्यावर आहे. पंजाबी ड्रेसची ओढणी शेवग्याला बांधलीय, आधार म्हणून. अरबी झग्यानं माझा मुलगा टेम्पोची काच पुसतो, चांगली पुसली जाते. मयुरीनं मोबाइलमध्ये बघायला सुरुवात केली.

सोनूबाईनं माझ्याकडे बोट केलं. "वयनी, तुजं हलदीचं कुठं गेलं ते सांग हिला."

आता मी कुठून कुठे गेले बघा. माझ्या लग्नात माझ्या आईनं जाडंभरडं सुती कापड आणलं होतं, अंगणात हळदीच्या पाण्यात बुडवलं आणि मिठागराच्या बांधावर वाळत टाकलं. माझं सासर पुढच्याच आळीत, तेव्हा सोनूबाई परकर नेसायची, तिला कावळे हाकायला बसवलं होतं. त्याच कापडात मी हळद लावून घेतली. मग त्यातच माझा मोठा मुलगा, मयुरीचा बाप, जन्मल्यावर गुंडाळला. मग मुलगी गुंडाळली. मग सोनूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिचा पोरगा गुंडाळला. भावकीत कुणाला पोर झालं की ते कापड मागायला यायचे. मऊ होत होत शेवटी हातात विरलं.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "सोनूबाई, अगं, ते बुडवायच्या आधी पांढरंच होतं की."

सोनूबाई म्हणाली, "मंग? मी कदी नाय म्हनली?"

आमचं एवढं सगळं बिजूनं चार वाक्यांत सांगितलं. अक्का परत मयुरीकडे वळली. ही काय करणार, एवढंच तिला हवं होतं.

मयुरी म्हणाली, "आजी, आता डायपर असतात."

शेजारच्या घरातला माग चालू होता, तो ऐकू येत होता. मयुरीनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "बाळाला त्यातच घेईन. धुवायला कुणाला देणार नाही. फेकणार नाही. त्यांना सांगा."

अक्का उठली. कडी काढली. तीच साडी काढली, एकच. आत स्वयंपाकघरात गेली आणि बोटाला ओली हळद लावून आली. साडीच्या एका कोपऱ्याला टिपका लावला. त्यांच्यात नवं कापड असंच देतात म्हणे, कोपऱ्याला हळद लावून.

सोनूबाई म्हणाली, "बघ. नाय नाय म्हनून पयली हलद हिनंच लावली. आता गाईन मी."

बाकीच्या साड्यांसाठी अक्कानंच आम्हाला रस्त्यावरच्या दुकानात पाठवलं. यंत्रावरच्या घ्या, म्हणाली, त्यांच्यावर काय ओतायचं ते ओता. हजाराच्या आत एक पडली. चाळीस एकदम घेतल्या की दुकानदार पिशव्या देतो आणि चहा पाजतो. तुम्ही जाणार असाल तर ओणमच्या आधीच्या दिवसांत जाऊ नका, उभं राहायला जागा नसते असं बिजू म्हणाला. आणि रिकामी बॅग घेऊन जा. आम्ही नेली नव्हती. चाळीस साड्या तीन गोणींत भरून आणल्या, आणि परतीच्या गाडीत टीसीनं विचारलं, आत काय? सोनूबाई म्हणाली, "भावकी."

हळदीच्या दिवशी मयुरी अक्काची साडी नेसली आणि चाळीस बायका पांढऱ्यात आल्या, डोक्यात मोगरा. फोटोवाला म्हणाला, काय सुंदर थीम आहे. त्यानं दिवा लावेपर्यंत सगळ्या पिवळ्या झाल्या होत्या. त्याच्याकडे थीमचा एकच फोटो आहे आणि त्यात अर्ध्या बायका चपला शोधताहेत. सोनूबाई पोपटी लुगडं नेसून आली. मयुरी म्हणाली, तुझी पांढरी कुठंय? "गाईन म्हनली. नेसेन कवा म्हनली?" आणि मांडवात बसून तिनं धवले धरले. डीजेवाल्यानं आपणहून आवाज बंद केला. एवढ्या वर्षांत मी तिचं एवढं लांबलेलं गाणं ऐकलं नव्हतं. हळद कशी कांडली, कुणी आणली, कुठून आणली, सगळं आलं त्यात. या वेळी एक नदी पण आली, कडेला पाणी आणि मध्ये वाळू.

मला विचाराल तर केरळात काय राहिलं डोक्यात, तर तो जाड लाल भात आणि ती खट-खट. साडी तर नात घेऊन गेली.

परवा तिचा फोन आला. द्रोणागिरीला असते आता, सासरी. आवाज चढलेला. सासूबाईंनी मदत म्हणून सगळे लग्नाचे कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकले, त्यात अक्काची साडी पण. पाणी सुटलं होतं. मयुरीनं मशीन बंद करून हात घातला आणि ओढून काढली. एक कोपरा भिजला, बाकी पिवळी आहे तशी आहे.

"मग सासू काय म्हणाली?" मी विचारलं.

"बोलत नाहीयेत माझ्याशी, सकाळपासून. मी त्यांना सांगितलं, हिच्यात तुमचं नातवंड गुंडाळायचंय. आजी, बरोबर केलं ना मी?"

सोनूबाई माझ्या शेजारी वाल सोलत बसली होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

"भिजलेला कोपरा सावलीत वालव," म्हणाली, "आनि सासूला सांग, मी येते रविवारी जेवाया."