नव्या हौदाचं पाणी

लोकांची अंगं माझ्यामुळे भाजली आणि नाव मी त्याचं सांगितलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत लाठ्या खाल्लेल्यांना अंग शेकता यावं म्हणून डिलाईल रोडच्या आमच्या व्यायामशाळेनं गरम पाण्याचा हौद बांधला होता. मी तिथला चिटणीस. पाणी बघायचं काम गिरणीच्या रंगखात्यातल्या एका माणसाकडे होतं. पेल्यात पाणी घेऊन तो लिटमसचा कागद बुडवी आणि आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर धरून रंग बघे. तेवढा वेळ कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

"चिटणीस, जरा दम धरा. नवं सिमेंट चुना सोडतंय. हे पाणी काढून परत भरू. मग पावडर, ती पण मोजून."

"अहो, उद्या उद्घाटन आहे!"

"मग उद्या नारळ फोडा. माणसं परवा उतरवा."

तो गिरणीत पाळीवर गेला आणि पाणी उद्यापर्यंत साफ व्हावं म्हणून मी ब्लीचिंग पावडरचा अख्खा डबा हौदात ओतला. दुसऱ्या दिवशी लोकांच्या जखमा पेटल्या, डोळे सुजले. कमिटीनं विचारलं, तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्यानं पेला धुऊन पालथा घातला आणि तो निघून गेला.

वर्षभरानं मी त्याच्या खोलीवर गेलो.

"माझं चुकलं."

"इथं कशाला सांगता? जिथं माझं नाव घेतलंत, तिथं सांगा."

कमिटीच्या रविवारच्या सभेत तो दाराशीच उभा राहिला. मी उठलो.

"पावडर मी टाकली. हे नको म्हणत होते. मी खोटं बोललो. यांनी मला क्षमा करावी."