तुरटीचं पाणी

माशांनी माणसाचं दुखणं अंगावर घेणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी सांगते.

पस्तीस-छत्तीस सालचा सुमार असेल. आमचं बिऱ्हाड नाशकात गंगेपासून हाकेच्या अंतरावर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणायचो. हे हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. एके दिवशी त्यांनी पत्र्याच्या चौकटीत काचा बसवलेली टाकी घरी आणली आणि तिच्यात गंगेतले बोटभर लांबीचे चंदेरी मासे सोडले. सासूबाई कडाडल्या, "ब्राह्मणाच्या घरात मासे? आता फोडणीच तेवढी राहिली!" पण चार दिवसांत त्याच माशांना त्या रामनामाची चिठ्ठी घातलेल्या कणकेच्या गोळ्या भरवू लागल्या. घरबसल्या पुण्य, कोण सोडतंय! आमची सहा वर्षांची लेक तर टाकीला नाक लावूनच बसायची.

त्या श्रावणात तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, मुदत भरल्याशिवाय हटायचा नाही. तेव्हा त्यावर औषध कुठलं? साबूची पेज आणि कपाळावर पाण्याच्या घड्या, एवढंच आमच्या हाती. पोरीची पार काटकी झाली. तिला पडल्या पडल्या मासे दिसावेत म्हणून टाकी खाटेशी आणून ठेवली.

आणि मासे मरायला लागले. रोज नव्हे, पण मरायचे ते पहाटेच. सकाळी बघावं तर एखादा पोट वर करून तरंगतोय. आणि पाणी? बाहेर गंगा लाल गढूळ वाहत होती, पाणक्या आणायचा तेही तसंच, पण टाकीतलं पाणी इतकं नितळ की पाणी आहे हेच कळू नये. मेलेला मासा नुसता हवेत टांगल्यासारखा दिसायचा. मला त्या टाकीकडे बघवेना.

ज्या सकाळी मासा मरे, त्या सकाळी पोरीचा ताप जरा उतरलेला असे. सासूबाईंनी हात जोडले. "इडापीडा घेतली गं त्यानं. माझ्या छकुलीवरचं त्यानं नेलं."

"अहो, या तापात सकाळी उतार पडतोच, डॉक्टरांनी सांगितलंय," मी फटकारलं.

"तू शहाणी आहेस, बाई. पण मासे किती उरलेत ते बघून ठेव."

काय मेलं बोलणं! पण त्या दिवसापासून टाकीपाशी गेले की मी आधी मासे मोजायची.

ह्यांनाही चैन पडेना. शाळेतून लिटमसचा कागद घेऊन आले. जांभळा कागद, आंबटात लाल होतो, चुन्याच्या पाण्यात निळा. दुपारी बुडवला तर जरासा लाल, पहाटे बुडवला तर चांगलाच. "पाण्याच्या आंबटपणाला आकडा असतो," ते मला सांगायला लागले. "पीएच म्हणतात. सात म्हणजे ना आंबट, ना चुन्याचं. सातच्या खाली गेलं की आंबट. मासे, शेवाळ, सगळे रात्रभर श्वास सोडतात, तो पाण्यात मुरतो, म्हणून पहाटे आकडा थोडा खाली येतोच. उजाडलं की शेवाळ तोच वायू खातं आणि पाणी सावरतं. त्यात हे पावसाचं पाणी, आंबटपणा सांभाळून घेणारे क्षार त्यात कमी. पण तरी एवढं? कोणीतरी ढकलल्याशिवाय पाणी एवढं खाली जात नाही."

'कोणीतरी' म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

ते कोणीतरी दुसऱ्याच सकाळी सापडलं. सासूबाई पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवत होत्या. गढूळ दिवसांत घरोघर फिरवायचेच. हंडा झाल्यावर तशाच ओल्या हातानं टाकीशी आल्या आणि तिच्यातही तुरटी फिरवायला लागल्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "पोरीला मासे नीट दिसायला नकोत?"

तुरटीनं पाणी निवळतं, तसं आंबटही होतं. मी तोंड उघडणार तोच ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. "आई, आजपासून टाकीचं मी बघतो," एवढंच म्हणाले. नातीचे मासे आजीच्याच हातून मेले, हे त्या माउलीला कशाला सांगायचं? तुरटी बंद झाली. ह्यांनी टाकीत नवं पाणी भरलं, ते मातकटच, कागद जांभळा राहू लागला आणि मासे मरायचे थांबले. तोवर एकच उरला होता.

आणि पोरीचा ताप उतरायचाही थांबला. सकाळचा उतारसुद्धा गेला. डोळे उघडे, पण ओळख नाही. बोटं गोधडीवरून काहीतरी वेचत राहायची. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि पोरीच्या अंगावरची गोधडी सारखी करून उठले. सासूबाई टाकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "आता तो घेत नाहीये."

तो एकटा मासा मातकट पाण्यातून मध्येच काचेशी यायचा, तोंडाची उघडझाप करायचा, परत दिसेनासा व्हायचा. या दोघांतलं एकच राहणार, असं माझ्या मनात आलं. मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी पोरीच्या छातीवर डोकं टेकून तिचा श्वास ऐकत होते. पाण्याचा आवाज आला म्हणून मान वळवली, तर हे टाकीपाशी. बाही कोपरापर्यंत वर, हातात तुरटीचा खडा, तो गोल गोल फिरतोय. दुसऱ्या हातात लिटमसचा कागद. बुडवायचे, बघायचे, पुन्हा तुरटी फिरवायचे. शास्त्राचे मास्तर! गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. मी त्यांना थांबवलं नाही. परत डोकं टेकलं, डोळे गच्च मिटले आणि मनात म्हणत राहिले, घे रे बाबा, घे एकदाचं.

किती वेळ गेला कोण जाणे. गालाखाली पोरीचं पोलकं ओलं लागलं. मला वाटलं, माझेच डोळे. पण तिला घाम फुटला होता, अगदी डबडबून. कपाळ गार. "आई, पाणी," ती म्हणाली. मी उठून बघते तर टाकीतलं पाणी नितळ झालेलं, मासा पोट वर करून तरंगतोय आणि हे भिंतीकडे तोंड करून उभे.

पोर वाचली. सासूबाईंनी आळीभर पेढे वाटले. "शेवटच्यानं नेलं हो सगळं!" आईशी असल्या गोष्टींवरून जन्मभर भांडलेले हे, त्या दिवशी नुसतं "हो, आई" म्हणाले.

मला मात्र विचारायचे. जेवताना हातात घास तसाच धरून, "अगं, घाम आधी, की मासा आधी?"

"घाम."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? आई आहे मी तिची!"

लेकीच्या लग्नात, मुहूर्त तोंडावर आलेला, हातात अक्षता, आणि हे परत माझ्या कानाशी. "घाम आधी, ना?"

माझं डोकंच फिरलं. "शुभवेळेला कसले हो अभद्र प्रश्न! मी डोळे मिटून बसले होते. टाकीपाशी तुम्ही होतात, तुम्ही सांगा."

"मला बघवलं नाही," ते म्हणाले. "मी भिंतीकडे बघत होतो."

मग आम्ही दोघांनीही लेकीवर अक्षता टाकल्या.