निवट्याचं तिसरं रूप

मार्थाबाईंची माझी पहिली भेट अंधेरीतल्या एका कार्टून स्टुडिओत झाली. त्या तिथल्या ज्येष्ठ चित्रकार. तिथे एका जपानी मालिकेतल्या अजस्र प्राण्यांची चित्रं काढली जात. मालिका वर्षानुवर्षं चाललेली. दर हंगामात नवे प्राणी, जुन्यांची नवी रूपं आणि त्यांच्या नव्या दंतकथा. बोळिंजहून मी नुकताच नोकरीला लागलो होतो. उत्साहाच्या भरात एका जलचराला तोंडभर दात काढून मी बाईंपुढे ठेवला. बाईंनी चष्मा वर केला.

"दात ऱ्हाऊ दे, जाधव. ह्यो श्वास कुटनं घेतो?"

त्या रविवारी बाईंनी मला आपल्या गावी, पाचूबंदरला, ओहोटीच्या चिखलात उभं केलं आणि निवटी दाखवली. डोक्यावर डोळे असलेला, पाण्याबाहेरही श्वास घेत परांवर सरपटत चालणारा बोटभर मासा. माझी नवी पँट कामातून गेली, पण शिक्षण तिथेच सुरू झालं. प्राणी आधी जगला पाहिजे, मग लढला पाहिजे, हा बाईंचा दंडक होता.

त्या निवटीवरूनच बाईंनी मालिकेसाठी एक प्राणी घडवला. त्याचं जपानी नाव वेगळं होतं, आम्ही त्याला निवट्या म्हणायचो. पहिल्या रूपात तो चिखलात खेळे, दुसऱ्या रूपात किनारा राखी. तिसरं रूप काढायचं होतं त्या वर्षी बाईंचे पती बस्त्यावभाऊ मासेमारीला गेले, ती होडी परत आली नाही. बरोबर शेजारच्या छोट्या रीनाचे वडीलही होते. दोघांचेही देह मिळाले नाहीत.

महिन्याभराने बाई कामावर आल्या. त्यांनी निवट्या प्रचंड आणि शांत काढला. आधीची फुप्फुसं वगळून त्याला फक्त कल्ले ठेवले, म्हणजे आता जमिनीवर त्याला जगता येणार नव्हतं. दंतकथाही त्यांनीच सुचवली: तिसऱ्या रूपातला निवट्या खोल पाण्यात जातो आणि परतत नाही. कंपनीने ती मान्य केली.

पण बघणाऱ्या पोरांना निवट्या हवा होता. पुढे वरून हुकूम आला, त्याला परत आणा.

"त्याला फुप्फुस नाय, साहेब. येल कसा?" बाई म्हणाल्या.

"आपल्या मालिकेत कुणी मरत नाही. काढा फुप्फुसं," साहेब म्हणाले.

बाईंनी काढली. निवट्या लाटांतून वर येतो ते दृश्य त्यांनी असं रंगवलं की आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. मला वाटतं, ते त्यांना स्वतःलाही एकदा बघायचं होतं.

तो भाग लागला तेव्हा शेजारची पोरं बाईंच्याच घरी टीव्ही बघत होती. निवट्या किनाऱ्याला लागला आणि रीना टाळ्या वाजवत उठली. "बाय, मंग आमचा पपा पन येल ना?"



मृतांच्या दिवशी पाचूबंदरचे ख्रिस्ती लोक कबरस्तानात जातात. ज्यांना कबर नाही, त्यांची मेणबत्ती मधल्या मोठ्या क्रुसापाशी लावतात. या दोन्ही घरांनी ती कधी लावली नव्हती. लावली की माणूस गेला, हे कबूल करणं आलं. त्या वर्षी बाई रीनाला आणि तिच्या आईला घेऊन गेल्या. रीनाची आई सांगते, बाई पोरीपुढे गुडघ्यांवर बसल्या. "तुजा पपा येनार नाय, बाय. माजा मानूस बी नाय. त्यो निवट्या मी खोटा काढला." मग दोघींनी एकाच काडीने मेणबत्त्या लावल्या.

नंतर बाईंनी साहेबांना निवट्याचं ते परतणं पुढच्या भागांत रद्द करायला सांगितलं. नकार आला, तसं त्यांनी ज्या मालिकेने नाव दिलं तीच सोडली आणि नंदाखालला चित्रकलेचा वर्ग काढला. निवट्या अजूनही दर हंगामात नवं रूप घेऊन परत येतो. बाई बघत नाहीत.

बाईंच्या साठीनिमित्त काढलेल्या आमच्या या गौरव अंकाचं मुखपृष्ठ त्यांच्या विद्यार्थिनीने, रीनाने काढलं आहे. ओहोटीचा चिखल, त्यात बिळं, आणि निवटी एकही नाही. प्रसंग आनंदाचा, एखादी तरी काढ, असं आम्ही तिला विनवलं. तिने चित्र बाईंकडे नेलं.

"ऱ्हाऊ दे तसंच," त्या म्हणाल्या. "कोन नाय, तर नाय."

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि दर वर्षी त्या क्रुसापाशी जाताना रीनाचा हात त्यांच्या हातात असो.