दातातला कॅनॉल

दाताच्या दवाखान्यात किस्से फार साठतात. कारण साधं आहे. माणूस अर्धा-पाऊण तास आ करून बसतो. तोंड मोकळं झालं की तुंबलेलं सगळं बाहेर! माझा दवाखाना बारामतीत, गुरुवारी इंदापूरला.

*

पणदऱ्याचे तात्या दाढ धरून आले. एक्सरे बघून मी म्हटलं, "मुळापाशी पू झालाय. रूट कॅनॉल करावं लागेल."

तात्या उठून बसले. "कॅनॉल आमच्या रानाशेजारी हाय की! दातात कशाला?"

मी समजावलं. दाताच्या मुळात बारीक नळी असते. आतली नस सडलीय. ती काढायची, नळी धुवायची, औषध भरून बुजवायची. दात मात्र जागेवरच राहतो.

"म्हंजी चारीतला गाळ काढायचा. मग असं मराठीत सांगा की! किती येळा यायचं?"

"तीनदा."

"म्हंजी कॅनॉलच्या पाण्यावानी तीन आवर्तनं. चालतंय!"

*

बावड्याच्या काकू पहिल्या वेळेनंतर गायबच झाल्या. दोन महिन्यांनी गाल सुजवून हजर!

"अर्ध्यात का सोडलंत?"

"दुखायचं थांबलं वो! ट्रॅक्टर चालू झाल्यावर कोण मेकॅनिककडं जातं?"

*

एका मास्तरांना बधिर व्हायचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांनी विचारलं, "ओठ जड झाला?"

त्यांनी ओठ चाचपून बघितला. "ओठ आहे. पण माझा वाटत नाही!"

*

मोरगावचे आबा म्हणजे बोलण्याचा धबधबा. सोबत आलेल्या बायकोचं, काकूंचं, एक वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. नात बारावी झालेली, तिला नर्सिंगला जायचं होतं. बाहेर बाकावर आबांचं चाललेलं, "पुण्याला धाडायची न्हाय. विषय संपला!"

आत आले. मी इंजेक्शन दिलं, दाताभोवती रबराचा पडदा लावला. आबांचं बोलणं बंद, माझं काम सुरू. काकू स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"आता ऐका. पोरगी हुशार हाय. मला शिकायचं हुतं, कुणी इचारलं न्हाय. तिला मी इचारलंय. ती जाणार."

"आं! आं आं!"

"डॉक्टरीणबाई, ऐकलं न्हवं? व्हय म्हणाले!"

माझा हात थांबला. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखत नव्हतं, सगळं बधिर होतं.

पुढच्या वेळी नातही आली, हातात अॅडमिशनचा कागद. मी अजून हातमोजेही घातले नव्हते. आबा खुर्चीत बसले, आपणहून आ केला आणि काकूंना हातानं स्टूल दाखवलं!