सासूबाईंच्या डोक्यावरची कयाक

इथे ओमानमध्ये, मदिनत सुलतान काबूस भागातलं एक कुटुंब कायमचं गावी निघालं होतं. त्यांचा एसी उतरवायला गेलो, तेव्हा त्यांची दोन माणसांची प्लास्टिकची कयाक, म्हणजे वल्हवायची चिंचोळी होडी, त्यांनी मलाच देऊन टाकली. मी मराठवाड्यातला. होडीशी माझा संबंध इतकाच, की बायको मालवणकडची.

त्या हिवाळ्यात सासूबाई रुवीच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्या माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर बसलेला असलो तरी माझ्या बायकोला म्हणायच्या, "जावयांका चाय व्हयी काय, इचार."

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही कयाक घेऊन वादीत गेलो. वादी म्हणजे डोंगरातली घळ. मध्येमध्ये पाण्याचे डोह, बाकी दगडच दगड. खालच्या डोहात गर्दी होती. वरचा मोठा डोह पाऊण तासाच्या चढावर. कयाक उचलायला येणारा मित्र ऐनवेळी ड्यूटीवर अडकला आणि बायकोचा खांदा दुखावलेला.

"खलास, इथेच पोहू," मी म्हटलं. आमची मुलगी रडवेली झाली.

सासूबाईंनी टॉवेल पिळून चुंबळ केली. "जावयांका सांग, पुढचा टोक मी धरतंय."

"आई, जड आहे ती!" बायको म्हणाली. पण माशांची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या चुंबळ ठेवून उभ्याच राहिल्या.

पुढचं टोक त्यांच्या डोक्यावर, मागचं माझ्या खांद्यावर. बायको आणि मुलगी वल्ही घेऊन पुढे गेल्या. सासूबाईंची चाल इतकी एकसारखी होती की मलाच धाप लागली. अर्ध्या वाटेवर एका गुळगुळीत दगडावरून माझा पाय सटकला. मी कयाक आणखी घट्ट धरली.

"सोडा ती!" सासूबाई ओरडल्या. "सोडा, पाय सांभाळा!"

मी सोडली. त्याही चटकन बाजूला झाल्या. कयाक दगडांवर करकरत आपटली. माझी नडगी सोलपटली होती. सासूबाईंनी बाटलीतल्या पाण्याने ती धुतली आणि स्वतःचं वाकडं मनगट माझ्यापुढे धरलं.

"मी पडलंय तेवा पाटी सोडूक नाय. म्हणान हात मोडलो."

अकरा वर्षं मी ते मनगट बघत होतो. आवाज ऐकून परत आलेली बायको म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलंस कधी?"

पुढे आम्ही दर पन्नास पावलांवर थांबत गेलो. कुठे थांबायचं ते त्या सांगत होत्या, मलाच.

वरच्या डोहात फारसं कोणी नव्हतं. मुलगी वल्हवत होती, बायको नुसती बसली; दोघी एक फेरी मारून आल्या. मी म्हटलं, "आई, आता तुम्ही बसा."

"माका नको. होडी घरची होती, पण बायकांका कोण बसवता तीत?"

शेवटी नातीने हात धरून त्यांना पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसून वल्हवू लागली. कयाकच्या दोन्ही कडा घट्ट पकडून त्या ताठ बसल्या. "आजी, मूव्ह नको करू," नात बजावत होती. पलीकडच्या कड्याच्या सावलीत गेल्यावर सासूबाईंनी एक हात सोडला आणि पाण्यात बुडवला. बराच वेळ तो तसाच होता.

परतताना दोन ओमानी भावांनी आमची अवस्था पाहिली आणि "यल्ला", म्हणजे चला, म्हणत कयाक उचलून थेट गाडीपर्यंत आणून दिली. घरच्या वाटेवरचा अल अमेरातचा घाट येईपर्यंत मागच्या सीटवर आजी आणि नात एकमेकींना टेकून झोपल्या होत्या.